न्यायाधीशाच्या जागी बसलेला प्रेक्षक

इराणी दिग्दर्शक असगर फरहादींचा ‘अ सेपरेशन’ हा चित्रपट सुरू होतो तो कौटुंबिक न्यायालयात. सिमीन आणि नादेर हे नवरा-बायको थेट कॅमेऱ्याकडे बघून भांडत असतात. न्यायाधीशाचा फक्त आवाज येतो. तो दिसत नाही, कारण त्याच्या जागी आपण बसलेलो असतो. सिमीनला मुलगी तेरमे हिला घेऊन देश सोडायचाय. नादेरच्या वडिलांना अल्झायमर आहे, त्यांना टाकून तो येणार नाही. वडील तुला ओळखतसुद्धा नाहीत, असं ती म्हणते. मी तर त्यांना ओळखतो ना, असं तो म्हणतो. दोघांचंही म्हणणं पटतं आणि पुढचे दोन तास आपली सुटका नसते.

२०११ मध्ये बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च सन्मान, सुवर्ण अस्वल मिळालं आणि पुढच्या वर्षी ऑस्कर. इराणी चित्रपटाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. परक्या देशांतल्या लोकांना इराणी चित्रपट का भिडतात, असं विचारलं की ‘भावना सगळीकडे सारख्याच असतात’ हे उत्तर ठरलेलं असतं. मला ते अपुरं वाटतं. सारख्या भावना तर कुठल्याही मालिकेत भरपूर सापडतात. फरहादी भावनांना हात घालण्याआधी तिथले कायदे, पैसा, धर्म आणि घराची रचना नीट मांडतात. चित्रपट इतका पक्का तेहरानचा असतो, म्हणूनच बाहेरच्या माणसाला तो कळतो.

सिमीन माहेरी गेल्यावर सासऱ्यांची देखभाल करायला राझिए नावाची बाई येते. गरीब, धार्मिक, पोटुशी, सोबत छोटी मुलगी. नवऱ्याला न सांगता ती हे काम धरते. पहिल्याच दिवशी म्हातारबाबांचे कपडे खराब होतात. परपुरुषाचे कपडे बदलले तर पाप लागेल का? ती धार्मिक सल्ला देणाऱ्या कार्यालयाला फोन लावून विचारते. हा नियम आपला नाही, तरी त्या क्षणी आपण तिच्याबरोबर श्वास रोखून उत्तराची वाट बघतो. तिला खरोखर काय पणाला लावायचंय, हे दिग्दर्शकानं आपल्याला दाखवलेलं असतं.

पुढे नादेर तिला दाराबाहेर ढकलतो, तिचा गर्भ जातो आणि तिथल्या कायद्यानं त्याच्यावर खुनाचा आरोप येतो. ती गरोदर असल्याचं त्याला माहीत होतं का, यावर सगळा खटला अडतो. या नादेरनं आधी पेट्रोलपंपावर तेरमेला परत पाठवून उरलेले पैसे मागून आणायला लावलेले असतात. हक्काचं सोडायचं नाही, हे तो लेकीला शिकवत असतो. पुढे तीच लेक बापाला वाचवायला न्यायाधीशासमोर खोटं बोलते. त्या पोरीचा चेहरा बघवत नाही. आणि राझिए? भरपाईच्या पैशांवर नवऱ्याचं कर्ज फिटणार असतं, पण मनात शंका असताना कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायला ती तयार होत नाही. खलनायक म्हणून बोट दाखवावं असा एकही माणूस यात नाही.

घर हा विषय इराणी दिग्दर्शकांनी थोडा निवडला, थोडा त्यांच्यावर लादला गेला. १९७९ च्या क्रांतीनंतर पडद्यावरच्या स्त्रीचं डोकं तिच्या स्वतःच्या घरातही झाकलेलंच हवं, नवरा-बायकोच्या भूमिकेतल्या नटनट्यांनी एकमेकांना स्पर्श करायचा नाही. मिठी मारून भांडण मिटवायची सोयच राहिली नाही. मग माणसांमध्ये दारं आली, काचा आल्या, जिने आले. काहींनी लहान मुलांची वाट धरली. माजिद माजिदींच्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’मध्ये (१९९७) भाऊ-बहीण एकाच बुटाच्या जोडावर शाळा भागवतात. आपल्याकडे त्याचा हिंदी अवतार ‘बम बम बोले’ नावानं आला.

पण म्हणून सेन्सॉरमुळे कला बहरते, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. फरहादींना अस्वल मिळालं त्याच महोत्सवात ज्युरींमधली एक खुर्ची रिकामी होती. ती इराणी दिग्दर्शक जाफर पनाहींची. त्यांना सहा वर्षांची कैद आणि चित्रपट करण्यावर वीस वर्षांची बंदी सुनावलेली होती. २०२४ मध्ये दिग्दर्शक मोहम्मद रसूलोफही शिक्षा चुकवून देशाबाहेर पडले.

सईद रुस्ताईंचा ‘लैलाज ब्रदर्स’ (२०२२) मराठी वाचकांनी मिळेल तिथं बघावा. चार भाऊ, बहुतेक बेकार. त्यांना धंद्याला लावायला धडपडणारी बहीण लैला. आणि म्हातारा बाप, ज्यानं सोन्याची नाणी साठवलीत ती भाऊबंदांच्या लग्नात आहेर करून कुळाचा कर्ता म्हणून मिरवायला. मानपानापायी घर धुऊन निघालेलं आपण सगळ्यांनीच कुठं ना कुठं पाहिलंय. लैला बापाच्या थोबाडीत मारते, तेव्हा तिची बाजू घेताना आणि न घेताना दोन्हीकडे जीव कासावीस होतो. हा चित्रपट इराणमध्ये प्रदर्शित होऊ दिला नाही आणि तो कान महोत्सवात दाखवल्याबद्दल रुस्ताईंना शिक्षा सुनावली गेली.

असे चित्रपट परदेशी बक्षिसांसाठी काढतात, देशाची अब्रू वेशीवर टांगतात, हा आरोप तिथं जुना आहे. पण बर्लिनचं अस्वल मिळालं त्याच फेब्रुवारीत तेहरानच्या फज्र महोत्सवात प्रेक्षकांनी आपला सर्वांत आवडता चित्रपट म्हणून निवडला तो ‘अ सेपरेशन’च.