भाव तिसऱ्या पाण्याचा

वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीत चहा म्हणजे दाणेदार पत्ती, साखर, दूध आणि दणकून उकळी. ही सीटीसी पत्ती १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आसामात यंत्रावर निघाली. सगळा कडकपणा एकाच उकळीत उतरावा, हाच तिचा हिशेब. अशा चहावर वाढलेला माणूस चीनमधल्या ग्वांगझूच्या फांगत्सुन चहाबाजारात शिरला, की लोंगजिंग, त्येग्वानयिन, पुअर अशा नावांनीच गांगरतो. माझं म्हणणं, नावं आणि वेष्टनावरची सालं बाजूला ठेवा. भाव ठरवा तो तिसऱ्या-चौथ्या पाण्यावर. दुकानदार झाकणाच्या वाटीत भरपूर पत्ती टाकतो, काही सेकंदांत गाळतो आणि त्याच पत्तीवर पुन्हा पाणी ओततो. पहिल्या पाण्याचा वास कोणालाही भुलवतो. हलकी पत्ती मात्र पुढे फिकी पडते, नाहीतर नुसती कडू उरते. मग वाटीतली ओली पत्ती उलगडून बघावी: चांगल्या लोंगजिंगमध्ये कळी आणि कोवळी पानं देठासकट दिसतात, हलक्यात तुकडे आणि चुरा.

नावावर आणि सालावर विसंबलेल्यांचं काय होतं, ते २००७ मध्ये दिसलं. पुअरचे भाव आभाळाला भिडले आणि त्याच वर्षी कोसळले. दाबलेल्या पत्तीची वडी मात्र तीच, ३५७ ग्रॅमची. आता कोणी म्हणेल, पुअर तर जुना होईल तसा सुधारतो. खरं आहे, पण वेष्टनावरचं साल प्रवासी कसं पडताळणार? मुरलेला वास आणि बुरशीचा वास यांतला फरक मात्र नाकाला कळतो. ‘आम्हाला त्यातलं काय कळतंय?’ हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. कारंजाच्या बाजार समितीत सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओल ओळखणाऱ्याला पारख शिकवावी लागत नाही. दोन चहा शेजारी ठेवून प्यायले, की जीभ आपोआप बोलते. राहिला फुकट चाखल्याचा संकोच. त्यावर ५० ग्रॅम घेणं पुरतं, दुकानदारालाही त्यात वावगं वाटत नाही. फक्त सांगितलेला भाव बहुधा एका जिनचा, म्हणजे ५०० ग्रॅमचा असतो. तो किलोचा समजून खूश होऊ नये. लोंगजिंग तर थोडाच घ्यावा. हिरव्या चहाचा ताजेपणा वर्षभरात ओसरतो आणि वाशीमचा मे महिना तेवढीही वाट पाहत नाही.