हिंजवडीच्या मावळतीचे रंग

सूर्याचा पांढरा भासणारा प्रकाश अनेक रंगांचा बनलेला असून हवेच्या सूक्ष्म रेणूंवर आदळताना त्यातील आखूड तरंगलांबीचा, म्हणजे ज्याच्या लाटांमधील अंतर कमी असते असा निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट प्रमाणात इतस्ततः फेकला जातो. या क्रियेला प्रकाशाचे विकिरण म्हणतात आणि तिचा गणिती नियम लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये मांडला. माथ्यावरच्या सूर्याच्या तुलनेत क्षितिजावरील सूर्याचे किरण जवळजवळ 38 पट अधिक हवेतून येत असल्यामुळे निळा अंश वाटेतच विखुरतो व पिवळा, नारिंगी, तांबडा तेवढा उरतो.

रंग रोज सारखे का नसतात, याचे उत्तर मात्र त्या हवेत काय मिसळले आहे यात आहे. हिंजवडीच्या आयटी पार्कभोवती उन्हाळ्यात रस्त्यांची व बांधकामांची धूळ साचते, आणि तिचे जाडसर कण सर्वच रंग सारखे विखुरत असल्याने सूर्यबिंब फिकट, मळकट तांबूस दिसते. धूळ वाढली की संध्याकाळ अधिक रंगीत होते, हा समज त्यामुळे फारसा टिकत नाही. पावसाने हवा धुऊन निघाल्यावर, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरात, मुळशीकडच्या डोंगरांवरील उंच ढगांना खालून तांबडा प्रकाश मिळतो, आणि सूर्य डोंगराआड गेल्यानंतरही ते काही मिनिटे केशरी, मग गुलाबी होत जातात. पहाटेची हवा बहुधा स्थिर व धुळीने कमी भारलेली असल्याने उगवतीचे रंग अनेकदा अधिक निर्मळ असतात. हिवाळ्यात मात्र जमिनीलगत अडकलेला धूर व धुके ते झाकोळतात.