जिन्याच्या माथ्यावरील गणकयंत्र

कॅलिफोर्नियातील बर्कली या विद्यापीठनगरीत लिओपोल्ड्स रेकॉर्ड्स नावाच्या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानाचा जिना चढून गेले की, साथीदारांच्या शोधात असलेल्या गवई-वादकांच्या चिठ्ठ्यांनी भरून गेलेला एक फलक दृष्टीस पडे. त्याच्याच शेजारी ऑगस्ट १९७३ मध्ये, पुठ्ठ्याच्या पेटीत बंदिस्त केलेले एक टेलिटाइप यंत्र येऊन बसले. यंत्राचा खडखडाट बाहेर येऊ नये म्हणून पेटीला आतून फोमचे अस्तर, उमटणारी अक्षरे वाचता यावीत म्हणून वर पारदर्शक झाकण, आणि समोर हात घालण्यापुरती दोन भोके, एवढाच त्याचा थाट. कळा दाबल्या की मजकूर टेलिफोनच्या तारेने खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोतील एका जुन्या वखारीत ठेवलेल्या एसडीएस ९४० या अवाढव्य गणकयंत्राकडे जाई, आणि जबाब सेकंदाला दहा अक्षरे अशा संथ चालीने कागदावर उतरे.

‘कम्युनिटी मेमरी’ हे या उपक्रमाचे नाव. ली फेल्सनस्टीन, एफ्रेम लिपकिन आणि मार्क स्झपाकोव्स्की हे त्याचे प्रमुख प्रवर्तक. याच नगरीत १९६४ च्या आंदोलनात विद्यार्थ्यांनी गणकयंत्राची छिद्रांकित कार्डे अंगावर मिरवून, आपली गणना माणसांत न होता कार्डांत होते, असा निषेध नोंदविला होता. फेल्सनस्टीन स्वतः त्या आंदोलनात होते. म्हणूनच, लष्कर, बँका आणि सरकारी कचेऱ्या यांच्या इजाऱ्यातले हे यंत्र रस्त्यावरच्या माणसासमोर ठेवताना, त्याच्याजवळ कोणीतरी बसलेले असावे, अशी तजवीज त्यांनी केली. माझ्या मते या उपक्रमाचे मर्म यंत्रापेक्षा त्या बसलेल्या माणसात अधिक आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवावे, ‘ॲड’ म्हणजे नोंद कर आणि ‘फाइंड’ म्हणजे शोध, एवढे दोन हुकूम समजावून सांगावेत, आणि मग बाजूला व्हावे, एवढेच त्याचे काम. पण त्यावाचून त्या भोकांत हात घालण्याचे धैर्य किती जणांना झाले असते?

नोंद कोणत्या खूणशब्दांखाली ठेवायची हे लिहिणाऱ्यानेच ठरवायचे. वर्गवारी करणारा कारकून मध्ये नाही. एकाने विचारले की बेगल, म्हणजे तो कड्यासारखा वाटोळा पाव, चांगला कोठे मिळतो. उत्तरांत दुकानांची नावे तर आलीच, पण तो करायला शिकवणाऱ्या माणसाचाही ठावठिकाणा आला. असे उत्तर देण्याचे कोणत्या दफ्तराला सुचले असते?

जानेवारी १९७५ मध्ये हा पहिला प्रयोग थांबला. पुढे १९८४ च्या सुमारास त्याच नगरीत नवी यंत्रे बसली, तेव्हा आपले मत लिहायचे तर पंचवीस सेंटांचे नाणे टाकावे लागे. वाचणाऱ्याकडून मात्र काहीच घेत नसत.