चार हजार चौरस फुटांचा शुक्रवार

सकाळी ६.१५

चहा उकळेपर्यंत मेल बघून घेते. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्रॉस्पर, सेलिना या पट्ट्यात मी घरं विकते. महिनाअखेर आहे, त्यामुळे बिल्डरांच्या मेलचा ढीग पडलाय. तयार घरांच्या किमती उतरवल्यात, शिवाय पहिली दोन वर्षं व्याजदर कमी. ही व्याजाची सवलत बहुधा बिल्डरच्याच कर्जकंपनीकडून कर्ज घेतलं तर मिळते. ती अट तळाशी बारीक अक्षरात असते, म्हणून मी मेल खालून वाचायला सुरुवात करते.

आजचं कुटुंब कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून आलंय. नवरा-बायको दोघं आयटीत, दोन मुलं, आणि सहा महिन्यांसाठी अकोल्याहून आलेल्या नवऱ्याच्या आई, म्हणजे माझ्या काकू. तिकडे चौदाशे चौरस फुटांच्या टाउनहाउसला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात इकडे चार हजार चौरस फुटांचं कोरं घर येऊन वर पैसे उरतात, हे गणित त्यांनी पाठ करून आणलंय.

७.३०

सेलिनाला भेटलो, पण घर दाखवलं नाही. म्हटलं, “आधी ऑफिसला जाऊन येऊ.” त्याची नवी नोकरी प्लेनोच्या लेगसी भागात. टोयोटाने २०१७मध्ये आपलं अमेरिकेतलं मुख्यालय कॅलिफोर्नियातल्या टॉरन्सहून प्लेनोला आणलं. अशा कंपन्यांच्या मागोमाग माणसं आली आणि माणसांच्या मागोमाग ही घरं उत्तरेकडे सरकत गेली.

गाडी त्यालाच चालवायला लावली. प्रेस्टन रोडवर सिग्नलमागून सिग्नल, मग ३८० नंबरचा हायवे ओलांडून टोलवे. वीसेक मैल, पण पाऊण तास उलटला. ब्रोशरवर ‘लेगसीपासून जवळ’ असं छापलंय. ते रविवारी सकाळी खरंही असतं. सेलिनाहून लोकल नाही. दोघांना ऑफिस म्हणजे दोन गाड्या आणि दोन टोलटॅग.

९.४५

मॉडेल होम. दारातच ताज्या कुकीजचा वास. दुमजली उंचीचा हॉल, गेम रूम, मीडिया रूम, मुख्य ओट्यामागे फोडणीसाठी वेगळं ‘स्पाइस किचन’. आपली गिऱ्हाइकं इथल्या बिल्डरांनी बरोबर ओळखलीत. पूर्वेला तोंड असलेला प्लॉट मागितला की सेल्सवाली बाई भुवई न उचलता नकाशा पुढे करते.

मी माझं रोजचं काम करते. “हा ओटा मूळ किमतीत येतो का? ही फरशी? हा जिना?” बहुतेक उत्तरं ‘अपग्रेड’ अशीच येतात. फलकावरची किंमत उघड्या-बोडक्या घराची. त्यावर प्लॉटचा प्रीमियम, मग डिझाइन सेंटरमध्ये निवडलेली एकेक वस्तू.

“ही ऑफर रविवारपर्यंतच,” सेल्सवाली म्हणाली. ती गोड आहे, पण पगार बिल्डरचा घेते. माझंही सांगून टाकते: २०२४च्या ऑगस्टपासून घर दाखवण्याआधी एजंटाला ग्राहकाशी लेखी करार करावा लागतो आणि मोबदला त्यात स्पष्ट लिहावा लागतो. माझा मोबदला किमतीवर टक्क्याने आहे. घर जितकं मोठं, तितकी माझी कमाई मोठी. हे त्यांनी विसरू नये.

११.००

दोन गल्ल्या सोडून स्लॅब ओतायची तयारी चालली होती. खणलेल्या चरांवर प्लॅस्टिक अंथरलेलं आणि त्यावर आडव्या-उभ्या पोलादी केबली. काँक्रीट ओतून काही दिवस गेले, की या केबली जॅकने ताणतात. याला पोस्ट-टेन्शन स्लॅब म्हणतात. तळघर नाही; अख्खं दुमजली घर या एका पाट्यावर उभं राहतं.

काकूंनी वाकून चराकाठचं ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं. “अरे, ही तर आपली कपाशीची माती!”

अगदी तीच जात. टेक्ससच्या या काळ्या पट्ट्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात, आणि इथेही पूर्वी कापूसच पिकायचा. पाऊस पडला की ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाट्याची एक बाजू वर, एक खाली झाली, की दारं अडकतात आणि चौकटींच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा धावतात. म्हणून इथले लोक उन्हाळ्यात भिंतीपासून फूट-दीड फुटावर झिरपणारा पाइप टाकून पायाजवळची माती ओलसर ठेवतात.

“म्हणजे घराला पाणी घालायचं?” काकू हसल्या. मग लेकाकडे वळून, “आणि ते कोण घालणार?”

मुलाने उत्तर दिलं नाही, पण वहीत लिहून घेतलं. मी भर घातली: घर नवं असलं तरी स्वतःचा इन्स्पेक्टर लावायचा, एकदा स्लॅब ओतण्याआधी, एकदा भिंती बंद होण्याआधी आणि एकदा वर्षाची वॉरंटी संपण्याआधी. शहराचा इन्स्पेक्टर नियम पाळलेत का ते बघतो. छपराच्या पन्हाळीचं पाणी पायाशी साचतंय का, हे तुमच्या माणसाने बघायचं.

१.००

डोशाच्या हॉटेलात कागद काढला. घर साडेसात लाख डॉलरचं. इथे राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात आहे. दोघांच्या पगारावर ती बचत खरी. पण टेक्सस ती भरपाई घरावरच्या करातून करतं. शाळा, शहर, काउंटी, कॉलेज मिळून दर २.२ टक्के धरला तर वर्षाला १६,५०० डॉलर, महिन्याला १,३७५. स्वतः राहत्या घराला शाळेच्या करात १,४०,००० डॉलरची सूट आहे. शाळेचा दर सव्वा टक्का धरला तर त्यातून १,७५० वाचतात.

कॅलिफोर्नियात १९७८च्या प्रॉपोझिशन १३मुळे मूळ कर खरेदीच्या किमतीच्या एक टक्का आणि करपात्र किंमत वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढते. इथे राहत्या घराला ती मर्यादा दहा टक्के.

नव्या घराची आणखी एक गोम आहे. कर १ जानेवारीच्या स्थितीवर लागतो. तेव्हा तिथे नुसता प्लॉट असेल, तर पहिलं बिल प्लॉटचं येतं. दुसऱ्या वर्षी पूर्ण घराचं येतं आणि बँक हप्ता एकदम चढवते. रस्ते आणि पाण्याच्या लाइनींसाठी काढलेलं कर्ज घरमालकांच्या बोकांडी असेल, तर ते पीआयडी किंवा मड या नावाने वेगळं. वर सोसायटीची वर्गणी, म्हणजे एचओए.

“कर्ज तीस वर्षांत फिटेल,” सून म्हणाली. “हे कधी फिटतं?”

हे फिटत नाही.

३.३०

मुद्दाम या वेळेला पुन्हा घरात आलो. वरच्या मजल्यावरची पश्चिमेची गेम रूम. बाहेर ३९ अंश. एसी चालू असून काचेजवळ हात धरवेना. एवढ्या घराला दोन एसी लागतात. विमाही इथे विचारून घ्यावा: वादळ-गारांच्या नुकसानीत पहिला भार घरमालकाचा, आणि तो बहुधा विमारकमेच्या टक्क्यात असतो. सहा लाखांच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे १२,००० डॉलर. इथे गारा टेबल टेनिसच्या चेंडूएवढ्याही पडतात.

५.००

शाळा. ब्रोशरवर शाळेचं नाव आहे, पण वस्ती वाढते तशा नव्या शाळा उघडतात आणि हद्दी बदलतात. याच काउंटीतलं प्रिन्स्टन २०२४मध्ये देशात सर्वांत वेगाने वाढलेलं शहर ठरलं. त्याच वर्षी पाणी, सांडपाणी आणि रस्ते पुरेनात म्हणून तिथल्या नगरपालिकेने नव्या वसाहतींना तात्पुरती बंदी घातली. स्वस्त प्लॉट कुठे संपतो आणि सोयी कुठे सुरू होतात, हे अंतर विचारात घ्यावं लागतं.

६.३०

शेवटी फ्रिस्कोतलं वीसेक वर्षं जुनं घर दाखवलं. २,९०० चौरस फूट, खाली एक बेडरूम, स्पाइस किचन नाही. फरशी जुनी, झाडं मोठी. मी मोजमाप सांगत होते, तेवढ्यात काकू दिसेनात. फूटपाथवरून कोपऱ्यापर्यंत जाऊन, तिथल्या किराणा दुकानात डोकावून आल्या. “इथे कोथिंबीर चालत आणता येते,” एवढंच म्हणाल्या. सकाळच्या वसाहतीत त्या दिवसभर कुणाच्या तरी गाडीची वाट बघत बसल्या असत्या, हे सांगायची गरज उरली नाही.

९.३०

मेसेज आला: “ताई, तुम्ही असता तर कुठलं घेतलं असतं?” कमिशनवाल्या माणसाने याचं उत्तर देऊ नये. मी लिहिलं: मोठ्या घराचा दुसऱ्या वर्षीचा हप्ता धरा. त्यात वीज, दोन टोल, विमा, एचओए मिळवा. सध्याच्या खर्चापेक्षा जितके जास्त होतील तितके तीन महिने वेगळ्या खात्यात टाका. जमलं आणि कुरकुर झाली नाही, तर खुशाल घ्या.

उत्तर सुनेचं आलं. फ्रिस्कोच्या घराची मागची पाच टॅक्स बिलं हवी होती. ती काउंटीच्या साइटवर कुणालाही बघता येतात. लगेच पाठवली.