समुद्राचं खारं पाणी बेंटोनाइटचं काय करतं?

आजचा भाग चिखलावर आहे. हसू नका, याच चिखलाच्या भरवशावर माणसं समुद्राखाली काम करतात.

मुंबईच्या कोस्टल रोडचे जुळे बोगदे तुम्हाला माहीत असतील. प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी, प्रत्येकी २.०७ किलोमीटर. ते खोदले ‘मावळा’ नावाच्या १२.१९ मीटर व्यासाच्या मशीननं. पहिला बोगदा जानेवारी २०२२ मध्ये आरपार झाला, दुसरा मे २०२३ मध्ये. मावळा हे स्लरी प्रकारचं टीबीएम. म्हणजे काय, तर मशीनच्या तोंडाशी एक बंद कप्पा असतो. त्यात बेंटोनाइट माती आणि पाण्याचं मिश्रण, म्हणजे स्लरी, दाबानं भरलेली असते. समोरची जमीन आणि पाणी ती थोपवून धरते.

किती थोपवायचं असतं? हिशोब करू. १० मीटर खोल पाण्याचा दाब म्हणजे चौरस मीटरला साधारण १० टन. समजा, अशा मशीनचं तोंड समुद्राच्या पातळीखाली २० मीटरवर आहे. तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ११७ चौरस मीटर. म्हणजे एकट्या पाण्याचाच भार २,३०० टनांच्या वर!

आता चाळणीत पाणी धरायचं असेल तर काय कराल? आतून प्लास्टिक लावाल. स्लरी तेच करते. तिचा दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात. त्यामुळे तिच्यातलं थोडं पाणी जमिनीत झिरपतं आणि माती पृष्ठभागावर अडकून तिचा पातळ, चिवट पापुद्रा बनतो. साइटवर याला ‘केक’ म्हणतात. केक चांगला असेल तरच दाब टिकतो.

आणि मीठ नेमकं या केकवरच घाव घालतं.

बेंटोनाइटचे कण म्हणजे अतिशय पातळ पत्रे, जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतकी. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. गोड्या पाण्यात हे पत्रे पाणी ओढून फुगतात आणि एकमेकांना दूर ढकलतात. समुद्राच्या पाण्यात मात्र लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियमचे धनभारित आयन पत्र्यांना घेरतात. दूर ढकलणारा जोर कमी होतो, पत्रे एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होतात. खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो, त्यामागे हेही एक कारण आहे: नदीतली बारीक माती खारं पाणी लागताच गोळा होऊन खाली बसते.

गुठळ्यांचा केक जाड दिसतो, पण गळका असतो. स्लरी जमिनीत निसटते, दाब घसरतो, समोरची माती ढासळू शकते. सगळ्यात नाजूक वेळ म्हणजे झिजलेले कटर बदलताना. तेव्हा कप्प्यातली स्लरी खाली उतरवून तिथे दाबाची हवा भरतात आणि माणसं आत जातात. त्यांच्यासमोर तो केकच असतो. तो गळका निघाला, तर हवा जमिनीतून निसटते आणि पाणी आत येऊ शकतं.

त्यात स्लरी फिरती असते. वर आणून, दगडमाती गाळून, ती पुन्हा खाली पाठवतात. त्यामुळे खोदलेल्या जमिनीतलं खारं पाणी फेरीगणिक तिच्यात मिसळत जातं.

मग उपाय काय? पहिला नियम: बेंटोनाइट आधी गोड्या पाण्यात भिजवायचं, शक्यतो दिवसभर. कोरडी पावडर थेट समुद्राच्या पाण्यात टाकली तर ती धड फुगतच नाही. नीट फुगलेली स्लरी खारं पाणी थोडं तरी सोसते. कॅल्शियम काढायला सोडा ॲश घालतात, केक घट्ट व्हायला सीएमसीसारखे पॉलिमर. मीठ फारच असेल तर ॲटापल्गाइट ही दुसरी माती वापरता येते. तिचे कण सुईसारखे असतात, त्यांना फुगावं लागत नाही. पण तिचा केक जास्त गळतो, म्हणून पॉलिमरची जोड लागतेच.

तपासणीत एक फसगत आहे. मार्श फनेलमधून स्लरी किती सेकंदांत वाहते ते मोजतात. पण गुठळ्यांमुळे ती उलट दाट वाटते, आकडा छान दिसतो! खरं काय ते फिल्टर प्रेस सांगतं: साधारण ७ बार दाबाखाली ३० मिनिटांत किती पाणी गळलं. त्यामुळे दाट दिसली म्हणजे स्लरी चांगली, असं समजू नका. ती पाणी किती धरते, ते बघा.

भेटू पुढच्या भागात!