आजीची पाटी, नातवाचा धडा

नागरिकशास्त्र पुस्तकातून कळतं; नागरिकपण मात्र सवयीनं अंगी येतं. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन वर्गात येतात आणि घरी नातवंडं त्यांचा अभ्यास घेतात. आजीचा थरथरता हात धरून ‘अ’ गिरवून घेताना मूल धीर धरायला शिकतं.

इतर शाळांनाही हे जमण्याजोगं आहे. वृद्धाश्रमात वर्षातून एकदा फळं वाटण्यापेक्षा मुलांनी दर आठवड्याला एखाद्या आजोबांना पेपर वाचून दाखवावा, त्यांच्या आठवणी वहीत उतरवाव्यात. मग तो उपकार उरत नाही, देवाणघेवाण होते.