विस्मरण, व्यतिकरणजन्य

एका गोष्टीच्या स्मृतीमुळे तिच्यासारख्या दुसऱ्या गोष्टीच्या स्मरणात अडथळा आल्याने घडणारे विस्मरण. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये विस्मरणाचा आलेख मांडल्यानंतर, स्मृती काळाच्या ओघात आपोआप पुसट होत जातात ही समजूत दृढ झाली. जे. ए. मॅगिओक यांनी १९३२ मध्ये तिला हरकत घेतली. लोखंड काळामुळे गंजत नाही, त्या काळात घडणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे गंजते. विस्मरणाचेही तसेच असून, मधल्या काळात मनात काय भरले गेले हे पाहिले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या प्रक्रियेचे ठळक उदाहरण मराठवाड्यातील चलनबदलात आढळते. परभणी जिल्ह्यातील ताडकळस हे गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे हाली सिक्का चाले व ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयास ‘कलदार’ म्हणत. सात हाली रुपयांचे सहा कलदार होत. दोन्ही रुपयांचे आणे सोळाच. नावे तीच, मोल मात्र निराळे. पुढे १९५० नंतरच्या दशकात हाली सिक्का मागे पडला आणि १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. एका आण्याचे ४ पैसे हा पाठ असलेला हिशोब जाऊन आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ नवे पैसे असा वेडावाकडा हिशोब आला. त्याच सुमारास ८० तोळ्यांच्या शेराची (सुमारे ९३३ ग्रॅ.) जागा किलोग्रॅमने घेतली. अशा वेळी बाजारात चुकणाऱ्या वृद्धास मंदबुद्धी ठरविणे अन्यायाचे होय. त्याची स्मरणशक्ती क्षीण झालेली नसून, ‘आणा’ या एकाच शब्दासरशी तीन उत्तरे पुढे येतात व त्यांतील सर्वांत जुने, म्हणजे सर्वाधिक घोकलेले, पुष्कळदा पहिले पोहोचते.

जुने ज्ञान नव्याच्या आड येते तेव्हा त्यास पुरोगामी व्यतिकरण, तर नव्यामुळे जुने आठवेनासे होते तेव्हा त्यास प्रतिगामी व्यतिकरण म्हणतात. दुसऱ्या प्रकाराचा निर्देश गे. ए. म्यूलर व ए. पिल्त्सेकर यांनी १९०० मध्ये केला. जे. जी. जेंकिन्झ व के. एम. डॅलनबाख यांच्या १९२४ मधील प्रयोगात दहा निरर्थक शब्दावयव पाठ केल्यावर आठ तास झोपलेल्यांना निम्म्याहून थोडे अधिक, तर तितकाच वेळ जागे राहिलेल्यांना जेमतेम एक आठवला. प्रयोगात व्यक्ती दोनच होत्या. शिवाय झोपेत स्मृती दृढही होतात असे आता दिसून आल्याने, या फरकाचे सारे श्रेय व्यतिकरणाच्या अभावाला देता येत नाही. पुरोगामी व्यतिकरणाचे महत्त्व बी. जे. अंडरवुड यांनी १९५७ मध्ये दाखविले. पूर्वी अनेक याद्या पाठ केलेली व्यक्ती नवी यादी चोवीस तासांत सुमारे ७५ टक्के विसरते. एकच यादी पाठ करणारी सुमारे २५ टक्केच.

व्यतिकरण साम्यावर अवलंबून असते. पाढ्यांत साती आठे छप्पन्न व साही नव्वे चोपन्न यांची गल्लत होते, त्याचे कारण हेच. जवळजवळच्या पाढ्यांचे पाठांतर एकाच बैठकीत करून घेण्याची शाळांतील प्रथा म्हणूनच सदोष वाटते. जुनी स्मृती नष्ट होते की केवळ मागे ढकलली जाते, याबद्दल मतभेद आहेत. नव्या अध्ययनानंतर काही काळाने जुनी उत्तरे पुन्हा डोके वर काढतात, यावरून बऱ्याच अंशी दुसरा पर्याय संभवतो. एम. सी. अँडरसन, आर. ए. ब्यॉर्क व ई. एल. ब्यॉर्क यांनी १९९४ मध्ये दाखविले, की एक उत्तर वारंवार आठवल्याने त्याची प्रतिस्पर्धी उत्तरे दबली जातात.

जमिनीच्या मापनात हा प्रश्न अद्याप संपलेला नाही. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. बोलण्यात एकर-गुंठे टिकून आहेत. गुंठा (सुमारे १०१ चौ. मी.) व आर (१०० चौ. मी.) जवळजवळ सारखेच, परंतु एकराचे गुंठे ४० आणि हेक्टरचे आर १००. ०·६० हेक्टर म्हणजे सुमारे दीड एकर; जुन्या सवयीने ते एकराच्या जागी वाचले गेल्यास निम्म्याहून अधिक शेत हिशोबातून गळते.